बारशाचा उपवास

प्रिय पिंकी,

'प्रिय' सवयीनं लिहिलंय, एवढ्यानं हुरळून जाऊ नकोस. मला तुझा लई राग आलाय आणि बारसं होऊन गेलं तरी तो उतरत नाही. केम गावाहून येताना स्वतःची पाण्याची बाटली घेऊन आलीस. घुगऱ्यांची वाटी पुढं केली तर म्हणालीस, "आज माझा उपवास हाय." तुझा उपवास! कॉलेजात भर एकादशीला माझ्या डब्यातली गव्हाची गोड हुग्गी बोटानं पुसून खाणारी तू. बाळाला तुझ्या मांडीवर द्यायला वाकले, तर हात असा मागं घेतलास की बांगड्या वर सरकल्या आणि मनगटावर गोंदलेली चांदणी दिसली. माझ्या मनगटावर तिची जुळी आहे. चारचौघींत रडूच येत होतं, पण पाहुण्या बघत होत्या म्हणून गिळलं.

माझ्या जावेनं तुझ्या कानात काय सांगितलं ते मला ठाऊक आहे. खरंच आहे ते. दिवस गेल्यावर रक्त तपासलं, त्यात हिपॅटायटिस बी निघाला, आपल्याकडं ज्याला पांढरी कावीळ म्हणतात. डोळे पिवळे नाहीत, ताप नाही, मी धडधाकट, आणि यकृतात हे बिऱ्हाड करून बसलेलं. त्या दिवसापासून सासूबाईंनी माझं ताट वेगळं काढलं. पेल्याच्या बुडाला लाल नखपॉलिशचा ठिपका लावला, ओळखू यावा म्हणून. भाकरी मी थापायची नाही. एकदा तर मला ऐकू जाईल असं विचारलं, लग्नाआधी हिचं कुठं काही होतं का. नवरा म्हणवणारा श्रीशैल तेव्हा मान खाली घालून जेवत होता. नंतर त्याला मी जे ऐकवलं ते इथं लिहीत नाही. पण तो स्वतः जाऊन तपासून आला, काही निघालं नाही, लस घ्यायला लागला, आणि आता आईच्या समोर माझ्याच ताटात जेवतो.

आणि गंमत बघ. गेल्या उन्हाळ्यात याच घरात धाकट्या दिराला कावीळ झाली, हळद फासल्यासारखा पिवळा. ती मात्र खरोखर खाण्यापिण्यातून पसरणारी. आमच्याकडं चार-पाच दिवसांनी नळ येतो, पिंपात साठवलेल्या पाण्यात सगळ्यांचे हात बुडतात. डॉक्टरीणबाई सांगून दमल्या, पाणी उकळून प्या, संडासातून आल्यावर साबणानं हात धुवा. कोण ऐकतंय! कुठलासा पाला आणून पाजला, वर रस्त्यावरचा बर्फ घातलेला उसाचा रस. तेव्हा कुणाचं ताट वेगळं निघालं नाही. मला मात्र ठिपका. सासूबाईंचा येत नाही एवढा राग मला तुझा येतो, कारण तू शाळेत पोरांना विज्ञान शिकवतेस की गं!

माझं दुखणं ताटातून जात नाही, पाण्यातून नाही, मिठी मारून नाही, बाळाचा मुका घेऊन तर नाहीच. ते रक्तातून जातं, नवरा-बायकोच्या संबंधातून जातं, बाळंतपणात आईकडून लेकराला जातं. म्हणूनच बाळ जन्मलं त्याच दिवशी त्याच्या दोन्ही मांड्यांना सुया टोचल्या, एक लसीची, दुसरी लस लागू पडेपर्यंत लगेच राखण करणारी. ते केवढ्यानं रडलं, आणि मला हसू आलं. पुढचे डोस राहिलेत, ते मी चुकवणार नाही.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, कधी रक्त चढवलंय का, कुठं सुई घेतलीस का, गोंदलंय का. मी मनगट पुढं केलं. कुठून आलं हे नक्की सांगता येत नाही म्हणाल्या, पण चांदणीकडं बघत राहिल्या. आठवते ना गड्ड्याची जत्रा? मी भीत होते म्हणून तू आधी बसलीस. "बघ, काय बी दुखत न्हाय," म्हणालीस, डोळ्यांत पाणी असताना. त्या गोंदणाऱ्यानं फडक्यानं सुई पुसली आणि तीच माझ्या हाताला लावली. तुझ्या आधी कोण बसलं होतं देव जाणे. तुझ्यावर आळ घेत नाही मी. पण पिंकी, माझं ताट टाळलंस तरी सुई आपली एकच होती. अकलूजच्या अजिंक्यशी तुझं लग्न ठरलंय, तुझा फोन घरात कुणाच्याही हातात असतो, म्हणून हे तुझ्या शाळेच्या पत्त्यावर पाठवतेय. रक्त तपासून घे. सिव्हिल हॉस्पिटलात फुकट होतं. नसेल तर लस घे आणि मोकळी हो. असेल तर लग्नाआधी त्याला सांग, त्यालाही लस घ्यायला लाव. औषधं आहेत, लेकरंबाळं होतात, माझं बघितलंस ना, लांबून का होईना. आणि कुणी तुझ्या पेल्याला ठिपका लावलाच तर सरळ माझ्याकडं निघून ये. येत्या शनिवारी सकाळी मी सिव्हिलच्या फाटकाशी उभी राहीन. डब्यात हुग्गी असेल. त्या दिवशी तरी उपवास धरू नकोस.

रागावलेली, तरी तुझीच,
भुवी