हिवरखेडची व्हॅनिला

५ जुलै २०२१
आजपासून मी व्हॅनिला उत्पादक. पानमळ्याच्या चार ओळी काढून केरळहून मागवलेले चाळीस वेल लावले. सावली तीच, ओल तीच, नागवेलीच्या जागी फक्त व्हॅनिला. तीन वर्षांनी फुलं, मग शेंगा. सगळे व्हिडिओ पाहून झाले आहेत. बाबांनी उभा जन्म पानमळ्यात काढला. म्हणाले, गजेंद्रा, पान लोकं खातेत, थ्या शेंगा कोन खाईन? व्हिजन समजावून सांगता येत नाही.

२४ मे २०२२
सेहेचाळीस डिग्री. एकतीस वेल वाळले. उरलेले नऊ म्हणजे क्वालिटी माल. निसर्गानंच सिलेक्शन केलं, माझा वेळ वाचला. उद्यापासून रोज पहाटे पाचला मी स्वतः पाणी शिंपडणार.

२५ मे, सकाळी ९
बायकोनं, मंजुषानं शिंपडलं. ती तशीही उठतेच. हे खातं तिला कायमचं दिलं. मॅनेजमेंट यालाच म्हणतात.

११ फेब्रुवारी २०२४
कळ्या! फूल सकाळी उमलतं, दुपारी मिटतं. तेवढ्यात आतला पडदा काडीनं उचलून पराग हातानं लावावा लागतो, नाहीतर शेंग नाही. आपल्याकडच्या मधमाशीला हे जमत नाही. टूथपिकचे दोन डबे आणले. वांग्याच्या फुलांवर सराव केला. फुलं फाटली, पण टेक्निक आलं. मंजुषा उभी राहून पाहत होती.

२ मार्च, सकाळी ६.३०
अकोटला शेतकरी मेळाव्यात माझं भाषण: ‘व्हॅनिला, एक यशस्वी प्रयोग’. फूल आज उमलत नाही, असा माझा अभ्यास सांगतो. निघतो.

संध्याकाळी
उमललं. मिटलंही. पराग मंजुषानं केसांच्या पिनेनं लावला. माझी वाट पाहायला हवी होती, असं मी म्हणालो. ती म्हणाली, तुमी भाषन देऊन राह्यले होते, फूल काय तुमच्यासाठी थांबते? असो. भाषण रंगलं.

३० मार्च
एकूण अठरा फुलं. सतरा तिनं केली, एक मी. माझं गळालं. बारीक बोटांचं काम आहे. माझा पंजा मोठा.

१५ डिसेंबर २०२४
सतरा शेंगा उतरवल्या. पुस्तकात लिहिलंय, गरम पाण्यात बुडवा, लोकरीत गुंडाळून घाम काढा, ऊन द्या, मग काही महिने पेटीत ठेवा. एवढा धीर फक्त फॉरेनवाल्यांना. मी सहा हिरव्या शेंगा दुधात उकळून आइस्क्रीम केलं. गल्लीतल्या पंधरा जणांना बोलावलं. शेजारचे पुंजाजी म्हणाले, वास तं चवळीच्या शेंगेचा येऊन राह्यला. बाटलीतल्या इसेन्सनं लोकांचं नाक बिघडलं आहे.

१६ डिसेंबर
निर्णय: हवामानच नालायक. वेल उपटून ड्रॅगन फ्रूट. मंजुषा वाटेत उभी राहिली. म्हणाली, हात लावजा नोका. उरलेल्या अकरा शेंगा तिनं पुस्तकाप्रमाणे गरम पाण्यात बुडवून माझ्या लोकरीच्या शालीत गुंडाळल्या. थंडीत मी बिनशालीचा. ड्रॅगन फ्रूट पुढे ढकललं.

२० एप्रिल २०२५
मंजुषानं शेंगांची पेटी उघडली. शेंगा काळ्याभोर, दोरीसारख्या मऊ. वास अंगणापर्यंत गेला. बाबांनी एक शेंग नाकाला लावली आणि खाली ठेवलीच नाही. मीही हुंगली. खरं सांगायचं तर व्हॅनिलाचा खरा वास मला आजवर माहीत नव्हता.

२७ एप्रिल
शेंगांचं ऐकून अकोल्याहून एक आइस्क्रीमवाले आले. मी खुर्ची पुढे ओढून माझी ओळख सांगितली. त्यांनी विचारलं, घाम किती दिवस काढला? ऊन रोज किती तास? मी विषयाची पार्श्वभूमी सांगू लागलो. बाबांनी मंजुषाला हाक मारली. ती आणि पाहुणे तासभर बोलले. दर वर्षीचा माल त्यांनी मागितला. आणखी वेल लावावे लागतील, असं ती बाबांना म्हणाली. बाबा म्हणाले, लाव न पोरी, पानाच्या जागेत लाव.
मला कोणी विचारलं नाही. मंजुषानं चहा ठेवायला सांगितला. ठेवला. साखर विसरलो, तरी पाहुण्यांनी घेतला.