तुझ्या सर्दीबद्दल आभार

तीर्थरूप मावशीस,

तुझ्या भोंग्याचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे अर्धाच घातला आहे, उरलेला समक्ष घालीन.) तुझी तब्येत कशी आहे? गुडघे कसे आहेत, काकांचा खोकला कसा आहे, हे मी दर पत्रात विचारतोच, पण या वेळी आधी सांग, नाक कसं आहे? मी एकटाच विचारत नाही. आमचे पाचही वादक तुझ्या नाकाची चौकशी करतात. त्या दिवशी गाडी गाठायची म्हणून टाळ्या थांबायच्या आत तू निघून गेलीस, तेव्हा आपण काय उपकार करून चाललो आहोत याची तुला कल्पनाही नसणार. ती देणं माझं कर्तव्य आहे.

दुपारी जेवताना मी तुला आमची पद्धत समजावली होती. आम्ही पाच फुंकणारे: फ्लूट, ओबो, क्लॅरिनेट, हॉर्न आणि माझा बासून (ज्याला तू धुराडं म्हणतेस). समोर उभं राहून काठी हलवणारा आमच्यात कोणी नाही. काठीच्या धाकाशिवाय पाच माणसं एका क्षणी एक गोष्ट सुरू करू शकतात, याहून मोठा पुरावा स्वातंत्र्याच्या बाजूने मला कुठल्या ग्रंथात सापडलेला नाही, आणि हे मी संधी मिळेल तिथे सांगतो. (संधी नसते तिथेही सांगतोस, असं तू म्हणशील.) आमची सुरुवात होते ती फ्लूटवालीच्या नाकाने. ती एकदा ऐकू येईल असा श्वास ओढते, की आम्ही सुरू. श्वास छोटा तर लय जलद, लांब तर संथ. बारा वर्षं आम्ही त्या एका नाकावर जगतो आहोत.

आणि त्या संध्याकाळी जगायचं की नाही हेच ठरणार होतं. सभागृहाची समिती तीन वर्षांसाठी एक संच नेमणार होती. नेमणूक मिळाली तर सरावाला हक्काची खोली आणि महिन्याला दोन कार्यक्रम. नाही मिळाली तर आम्ही फुटणार, हे चहा पिता पिता ठरून गेलं होतं. ओबोवाल्याने बहिणीच्या चष्म्याच्या दुकानात बसायचं कबूल केलं होतं. (त्याचं निम्मं आयुष्य वाद्याची पाती तासण्यात गेलंय, बारीक कामाला हात चांगला.) हॉर्नवाला पोलिसांच्या बँडमध्ये जाणार होता, फ्लूटवाली शाळेत. बासूनवाल्याला मात्र कुठेच जागा नसते. मी भाषणांवर जगेन, असं क्लॅरिनेटवाली म्हणाली, आणि त्यावर कोणी हसलं नाही, इतकी परिस्थिती गंभीर होती.

तर चौघं वाद्यं ओठांशी धरून बसले आणि अध्यक्षांनी मला संचाबद्दल दोन शब्द बोलायला सांगितलं. मी खरोखर दोनच शब्द बोलणार होतो. पण एका सभासदाने मध्येच सहज विचारलं, की तुम्ही एखादा काठीवाला का नाही घेत, जरा शिस्त येईल. मावशी, मी पेटलो. तार घासली की वाजते, चामडं बडवलं की वाजतं, पण आम्ही स्वतःच्या फुप्फुसातला प्राण देतो, इथून निघून मी गुलामगिरीच्या इतिहासावर आलो. दहा मिनिटं गेली. अध्यक्ष घड्याळाकडे बघायला लागले. मला वाटलं, सभा भारली आहे. पंधरा गेली. सतराव्या मिनिटाला मी समितीकडे बोट दाखवलं आणि म्हणालो, "आणि ही समिती..."

पुढचं वाक्य तयार होतं: "...संगीतातलं ओ की ठो न कळणाऱ्या पाच खुर्च्यांची आहे." ते ओठांवर आलं होतं, आणि नेमक्या त्या क्षणी पहिल्या रांगेत तू नाक ओढलंस.

लांब, खोल, भरल्या नाकाने. चौघं सुरू झाले. त्यांचा दोष नाही. सतरा मिनिटं ओठांशी वाद्य धरलेल्या माणसाला कोणाचंही नाक चालतं. माझा सूर चौथ्या मात्रेला येतो. बोट समितीकडे, तोंड उघडं, अशा अवस्थेतून मी खुर्चीत कसा पोचलो मला माहीत नाही, पण पोचलो. मात्र तुझं नाक लांब ओढलं गेल्यामुळे पळायची चीज रमतगमत निघाली. हॉर्नवाला श्वास पुरवता पुरवता वांग्याच्या रंगाचा झाला. मी तू शिकवलेलं मोजत होतो. लहानपणी मला दम लागायचा, तेव्हा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये दिवसभर "तीन मिनिटं झाली" म्हणत लोकांची बोलणी तोडून तू थकून यायचीस, आणि तरी पाठीवर हात ठेवून मोजायचीस: चार आत, सहा बाहेर. डॉक्टर म्हणाले होते, याला धावू देऊ नका. तू म्हणालीस, मग फुंकू दे. माझा सगळा धंदा त्या चार-सहावर उभा आहे, हे मी इतक्या भाषणांत कधी म्हटलेलं नाही. आज लिहितो आहे.

आम्हाला नेमलं. अध्यक्ष म्हणाले की इतक्या संथ लयीत ही चीज वाजवायचं धैर्य त्यांनी प्रथमच पाहिलं, आणि समितीचं नाव घेताच वक्त्याचा कंठ दाटून आला, हे पाहून त्यांनाही भरून आलं.

काकांना नमस्कार. वाफ घेत जा. (फार घेऊ नकोस.)

तुझा,
भोंगा

ता. क. पुढच्या महिन्यात पहिला कार्यक्रम आहे आणि सुरुवातीला मी दोन शब्द बोलणार आहे. तुझ्यासाठी पहिल्या रांगेतली खुर्ची कायमची राखावी, असा ठराव चार विरुद्ध एक मतांनी मंजूर झाला. तू यावंस, ही विनंती.

आणखी एक ता. क. पत्र बंद करत होतो तेवढ्यात फ्लूटवाली सांगते, की त्या दुपारी कप विसळताना तू तिला विचारलंस, "नक्की किती जोरात ओढायचं गं?" मी विश्वास ठेवला नाही. पण खुर्चीत विसरलेला तुझा रुमाल आत्ता समोर आहे. कोरडा, इस्त्रीचा, घडीही न मोडलेला. तो मी पाठवत नाही, इथेच ठेवतो; येशील तेव्हा लागेल. किती मिनिटांवर तोडायचं ते तूच ठरव, आणि वाक्य पुरं होऊ द्यायचं की नाही, तेही.