हाडातलं सोडून बाकी सगळं

हे मृत्युपत्र मी सोमवारीच लिहिणार होतो. सोमवारी पेन सापडलं नाही. पेन सापडलं तेव्हा आईने चहा दिला, आणि मग मी खिडकीतून समोरच्या दवाखान्याच्या गच्चीवरची पाण्याची टाकी बघत बसलो. तिला गंज चढलाय. शेवटचा रंग ज्याने दिला त्याने गंज न घासता वरून रंग फासला, त्यामुळे आता पापुद्रे सुटलेत. असलं काही दिसलं की मला दुसरं सुचत नाही. त्यात दोन-तीन दिवस गेले. आज मात्र लिहायलाच हवं, कारण उद्या सकाळी बाबांचं मोठं औषध सुरू होतं, आणि ते एकदा सुरू झालं की कुणालाच मागे फिरता येत नाही.

तर मी, सीटवाल्याचा धाकटा मुलगा, घरात ज्याला भोवरा म्हणतात तो, शिक्षण अर्धवट, धंदा उंच ठिकाणी दोराला लटकून रंग देणे, कायमचा पत्ता नाही, असं लिहून ठेवतो की मी पूर्ण शुद्धीत आहे, डोकं ठिकाणावर आहे आणि तब्येत ठणठणीत आहे. तब्येत ठणठणीत आहे म्हणून तर पकडून आणलंय. यापुढे असं वाक्य घालायची रीत आहे की हे मी कोणाच्याही दबावाखाली न येता लिहीत आहे. ते मी लिहिलं आणि खोडलं. माझे बूट दाजींच्या स्टुलाखाली आहेत, स्टुलावर दाजी आहेत, स्टूल जिन्याच्या तोंडाशी आहे आणि माझ्या मोटरसायकलची किल्ली दादाच्या खिशात आहे. खोलीला आतून कडी मात्र मी लावली आहे. तेवढं माझ्या हातात होतं.

मृत्युपत्र कशासाठी, असं कुणी विचारेल. बाबांना रक्ताचा कॅन्सर आहे. औषधांनी एकदा दबला, पुन्हा वर येईल म्हणतात. म्हणून आता त्यांच्या हाडांतला सगळा मगज औषधाने मारून टाकायचा आणि दुसऱ्याचा भरायचा. दादाला साखरेचा आजार, ताई पोटुशी, राहिलो मी. माझा निम्मा जुळतो आणि निम्म्यावर भागतं. मला भूल देऊन कमरेच्या हाडातून सुईने काढणार. संमतीच्या कागदावर धोक्यांच्या यादीत शेवटी मृत्यू हा शब्द होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तो छापावाच लागतो, तसं होत नाही. मी म्हटलं, छापलाय ना, मग मीही माझं लिहून ठेवतो.

कलम पहिले. माझी मोटरसायकल माझ्या जोडीदाराला द्यावी. त्याला सगळे बुटका म्हणतात आणि तो खरंच बुटका आहे, पाय टेकत नाहीत, तरी चालवतो. फक्त सीट काढून घ्यावी. ती बाबांनी शिवलेली आहे, मी दुकान सोडायच्या आधी. मी गाडी घेऊन पहिल्यांदा दुकानासमोर उभा राहिलो तेव्हा बाबा म्हणाले, "ज्याला एका जागी बसायचंच नाही त्याला सीट कशाला?" म्हणाले आणि शिवली. दुहेरी शिलाई घातली, कडेला आतून पट्टी लावली. इतकी वर्षं उन्हातान्हात फिरलो, एक टाका उसवला नाही. बुटक्याने दुसरी बसवून घ्यावी. ही सीट जाळू नये आणि माळ्यावर टाकू नये. तिचं काय करायचं ते मला सुचलेलं नाही. आईने ठरवावं.

कलम दुसरे. माझे दोर, कंबरपट्टा, आकडे आणि कप्प्या हेही बुटक्यालाच. निळा दोर एका जागी घासून झिजलेला आहे. तो कामावर वापरू नये. कापून आईला कपडे वाळत घालायला द्यावा. इथे या भाड्याच्या खोलीत तिने जी सुतळी बांधली आहे ती ओल्या चादरीने खाली येते आणि रोज चादर पुन्हा धुवावी लागते. बाबांची चादर असल्यामुळे उकळूनच धुवावी लागते.

दोरावरून आठवलं म्हणून इथेच सांगतो. आमच्या कामात एक रीत आहे. कठड्यावरून खाली उतरताना वरच्याला विचारायचं, "धरलंस?" तो म्हणतो, "धरलं." तो बोलल्याशिवाय अंगाचा भार दोरावर टाकायचा नाही. तो समोर दिसतोय, दोर त्याच्या हातात दिसतोय, तरी विचारायचं. एका कारखान्याच्या चिमणीवर वारा इतका होता की बुटक्याचा आवाज ऐकूच येईना, तर मी अख्खी सकाळ कठड्यावर बसून राहिलो. मालक खालून शिव्या देत होता. मी बसूनच. आणि माझ्या घरच्यांनी बाबांचा सगळा भार माझ्यावर टाकला आणि मला एका शब्दाने विचारलं नाही.

कलम तिसरे, दादाबद्दल. हे मोठं आहे.

दादाने मला फोनवर सांगितलं, "घराचे कागद करतोय, तुझी सही लागते, दोन दिवसांसाठी ये." मी आलो. नाक्यावरच ताई भेटली. म्हणाली, "किती वाळलास रे, अंग तापतंय का? चल, रक्त तपासून घेऊ." मी म्हटलं, मला काही झालेलं नाही. तिने डोळ्यांत पाणी आणलं. पोटुशी बाई रस्त्यात रडायला लागल्यावर माणूस काय करणार, दिला हात पुढे. आठवड्याने दादा पेढे वाटायला आल्यासारखा हसत आला आणि म्हणाला, "जुळलं." मी विचारलं, काय जुळलं? तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की बाबांना कॅन्सर आहे. मागच्या उन्हाळ्यापासून आहे. मला सांगत होते, रक्त जरा कमी आहे, पालेभाजी खातायत.

मी दादाला म्हटलं, "सरळ सांगितलं असतंस तर मी आलो नसतो का?"

तो म्हणाला, "तुझं काय सांगावं बाबा. आज आहेस, उद्या नाहीस."

म्हणून बूट. म्हणून किल्ली. म्हणून दाजी स्टुलावर. दादाचं म्हणणं, बाबांचा मगज मारल्यावर मी कुठे उठून गेलो तर बाबा संपले. ते खरं आहे. पण डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून विचारलं होतं, "तुमच्यावर घरच्यांचा काही दबाव नाही ना?" आणि विचारताना दादा माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा होता. मी नाही म्हटलं. दाजी तेव्हाही दारात होते. त्यांच्या हातात माझे बूट नव्हते, इतकाच फरक.

घराच्या वाटणीत माझं नाव येणार असेल तर माझा हिस्सा ताईच्या पोटातल्या बाळाला द्यावा. दादाला देऊ नये. त्याला माझी सही हवी होती ना, ती या मृत्युपत्राच्या खाली आहे. त्याने ती बघत बसावी.

कलम चौथे. बूट दाजींना द्यावेत. त्यांना सवय झाली आहे. एक नंबर मोठे होतील, पुढे कापूस भरावा. दाजींवर माझा राग नाही. ते बिचारे सांगतील तिथे बसतात. मघाशी मी दाराच्या फटीतून विचारलं, "दाजी, कंटाळा येत नाही का?" ते म्हणाले, "लग्नात यापेक्षा जास्त वेळ बसवलं होतं."

कलम पाचवे. साठलेले थोडे पैसे आईला. औषधपाण्यात घालायचे नाहीत, त्यासाठी दादा आहे. आईने ते घेऊन एकदा कुठेतरी जाऊन यावं. कुठे ते तिने ठरवावं, कुणी सुचवू नये, कुणी सोबत जाऊ नये. ती कधीपासून या खोलीतून दवाखान्यात आणि दवाखान्यातून या खोलीत एवढंच चालते आहे. डबा घेऊन जाते, डबा घेऊन येते, बाबांनी किती खाल्लं ते झाकण न उघडता वजनावरून सांगते. बाबांसमोर हसते. जिन्यात बसून थोडा वेळ भिंतीकडे बघते, मग वर येते. आईनेसुद्धा मला फसवलं. तरी तिला पैसे द्यावेत.

कलम सहावे, बाबांबद्दल. यासाठी बाकीचं सगळं लिहिलं.

मी दुकान सोडून गेलो तेव्हा एका बसगाडीच्या सगळ्या सीटा अर्धवट पडल्या होत्या. बाबा मशीनवरून उठले नाहीत. म्हणाले, "जा. पण एक लक्षात ठेव, यापुढे तुझं मला काही नको. घोटभर पाणीसुद्धा." त्यानंतर आमचं बोलणं आईमार्फत. ते आईला विचारायचे, जिवंत आहे का? मी आईला विचारायचो, अजून चिडलेत का?

हे वाक्य दादाने डोक्यात धरलं आहे. म्हणून बाबांना त्याने सांगितलंय की मगज कुणा परक्याचा मिळाला, दवाखान्याने जुळवून आणला, नाव सांगत नाहीत. मी इथे समोरच्या इमारतीत आहे हेही त्यांना माहीत नाही. मला त्यांच्या वॉर्डात जाऊ देत नाहीत. दादा म्हणतो जंतू लागतील. दादाचे जंतू लागत नाहीत वाटतं.

काल मी त्याला म्हटलं, "बाबांना सांग कुणाचं आहे ते. औषध सुरू व्हायच्या आत सांग. विचार त्यांना."

"आणि नको म्हणाले तर?"

"तर मी जाऊन भांडेन."

"तुला भांडायला आवडतं," दादा म्हणाला. "मला बाप हवाय."

त्याचे डोळे लाल होते. किती रात्री तो वॉर्डाबाहेरच्या बाकावर झोपलाय ते मला माहीत आहे. म्हणून मी त्याला मारलं नाही. पण जे म्हणायचं होतं ते इथे म्हणतो. मलाही बाप हवाय. आणि त्या माणसाने शुद्धीत असताना, स्पष्ट तोंडाने सांगितलं आहे की याच्याकडून काही घेणार नाही. त्याच्या हाडात त्याला न सांगता मला भरायचं, म्हणजे तो आता माणूस नाही, अर्धवट पडलेली सीट आहे, सगळ्यांनी मिळून भरायची. उद्या तो बरा होईल, दुकानात बसेल आणि एखाद्या दिवशी भांडणात कुणाच्या तरी तोंडून निघेलच. आमच्या घरात गुपित टिकतं, पण भांडणात टिकत नाही. तेव्हा तो काय करेल? हाड उघडून परत देईल?

दादाला वाटतं मी पळेन. मी पळणार नाही. बाबांना सांगितलं नाही तरी मी देणार, हे त्यांना सगळ्यांना कुठेतरी माहीत आहे आणि त्यावरच त्यांचं चाललंय. माझा राग कशाचा आहे ते विचाराल तर याचा.

म्हणून लिहून ठेवतो की बाबांना मी काहीही ठेवत नाही. त्यांना जे मिळायचं ते पुढच्या आठवड्यात नळीतून मिळेल, बिननावाचं. मात्र मी टेबलावरून उठलो नाही, तर ते त्यांना त्याच दिवशी सांगावं. तब्येत सुधारेपर्यंत थांबू नये. मी दूरच्या कामावर गेलोय असं सांगू नये. कुणाचा मगज होता तेही सांगावं. ते चिडले तर चिडू द्यावं. चिडलेला माणूस जेवतो, हे मी त्यांच्यावरूनच शिकलोय.

कलम सातवे. माझ्या देहाचं दवाखान्याने काय करायचं ते करावं. निम्मा त्यांनी तपासलेलाच आहे.

हे माझं पहिलं आणि बहुतेक शेवटचं मृत्युपत्र. याआधी मी काही लिहून ठेवलेलं नाही, याची खात्री बाळगावी. व्यवस्था बुटक्याने बघावी. त्याला वाचता येतं, फक्त वेळ लागतो.

सही: भोवरा (कागदपत्रांवर असते ती सहीही शेजारी केली आहे)

साक्षीदार पहिला: दवाखान्यातला न्हावी. हा वॉर्डात पेशंटची डोकी भादरतो आणि वेळ मिळेल तेव्हा या इमारतीत दाढी करायला येतो. दाजींची दाढी करून झाल्यावर त्याला आत घेतलं. माझी सही त्याच्यासमोर केली, त्याची माझ्यासमोर. वाचायची गरज नव्हती, तरी त्याने कलमांच्या आधीचं सगळं वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. "सीटवाल्याचा मुलगा? चार नंबरच्या खाटेवरचे ते? त्यांना तर एकच मुलगा येतो भेटायला." मी म्हटलं, दोन आहेत. तो म्हणाला, "आत्ता त्यांच्याकडेच निघालोय. उद्यापासून केस गळणार, आधीच काढून टाकतो." पेटी उचलली आणि गेला.

साक्षीदार दुसरा: (जागा मोकळी. ज्याला काही मिळतं तो साक्षीदार चालत नाही, आणि दाजींना बूट दिले आहेत.)

स्थळ: दवाखान्यासमोरच्या इमारतीतली तिसऱ्या मजल्यावरची खोली.

तारीख: मोठं औषध सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, दुपारी.

तळटीप. हे लिहीत असताना जिन्यात गडबड झाली. दाजींचं स्टूल सरकल्याचा आवाज आला. मी फटीतून बघितलं. बाबा आहेत. तोंडाला मास्क, अंगात दवाखान्याचे कपडे, खांद्यावर न्हाव्याचा टॉवेल. डोकं एका बाजूने गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूला केस आणि साबण. मागे न्हावी पेटी धरून उभा. त्याच्या मागे आई, तिच्या हातात रिकामा डबा. खालून दादाचा आवाज येतोय, त्यांना वर का येऊ दिलंत, कुणी येऊ दिलं.

दाजी म्हणाले, "बाबा, तुम्ही वर कसे आलात?"

"जिन्याने," बाबा म्हणाले.

ते स्टुलावर बसलेत. दम लागलाय. किती वाळलेत. दादा वर पोचलाय, बोलायला लागला, तर त्यांनी हात वर करून त्याला गप्प केलं. दुकानात करायचे तसंच.

आता ते दाराकडे तोंड करून म्हणतायत, "मला तुझं काही नको म्हटलं होतं मी. आठवतंय ना?"

मी आतून म्हटलं, "आठवतंय."

त्यांनी टॉवेलने कानावरचा साबण पुसला.

मग ते म्हणाले, "आता मागायला आलोय. देणार असशील तर दे. नसशील तर आत्ता सांग, उद्या नको."

मी पेन ठेवतो आणि कडी काढतो.