गिटारीतल्या अक्षता

१० ऑक्टोबर १९९७, आयुधपूजा

पूजा उरकली. दरवर्षीसारखं शिलाई मशीन, कात्री, इस्त्री, कृष्णाजीची गिटार — सगळं मांडलं. हळदकुंकू, शेवंती. अक्षता उभ्यानंच उडवल्या, गुडघे वाकत नाहीत. काही गिटारीच्या भोकात गेल्या. जाऊ देत!

आज हत्याराला हात लावायचा नाही. कृष्णाजी, माझा धाकटा भाऊ, सहासष्ट वर्षांचा, तरी गिटारीभोवती मांजरासारखा घुटमळतोय. परवा त्याचा कार्यक्रम. तो अजित — पुण्याहून आलेला कॉम्प्युटरवाला — टेप करून कॅसेट काढणार. चाळीस वर्षं हॉटेलांत वाजवलं, एक तुकडा कुणी टेप केला नाही! कृष्णाजी म्हणतो, "एकदाच वाजवायचं, अक्का. लोकांसमोर. चुकलं तर चुकलेलंच कॅसेटवर जाणार."

मग नीट वाजव म्हटलं. एवढी काय गडबड!

१२ ऑक्टोबर, रविवार

इंदिरानगरला गेले. त्याला ऐकायला — जन्मात पहिल्यांदा! घरात वाजवायचं नाही हा माझाच नियम. मशीनची खडखड पुरे होती.

ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या राबणाऱ्या लोकांची दुःखाची गाणी म्हणे. कसलं दुःख! माझा पाय थांबेना. एक चप्पल पुढच्या रांगेत गेली. ओरडले — "हां किसना! हाण!" शेजारची प्रेमा दंड ओढते, "अक्का, सुम्ने बसा, गप्प! टेप चालूय!"

सुम्ने कसली बसते!

पण कृष्णाजी पाय आपटायचा तशी गिटार आतून खुळखुळायची. अजितच्या कपाळाला आठ्या. माझ्या ध्यानात आलं — अक्षता!

१३ ऑक्टोबर

पाय सुजलेत. प्रेमाला सांगितलं, जिने चढले.

३ नोव्हेंबर

अजितनं सगळं ऐकवलं. माझी आरोळी आहे! तीनदा लावायला लावली. पण खुळखुळही आहे, प्रत्येक गाण्यात.

"काका, ही खुळखुळ स्वल्प कमी करता येईल."

"कर कर! सगळीच काढ!" — मी.

कृष्णाजी भडकला. "हात लावायचा नाही."

"अरे, एकच कॅसेट तुझी —"

"अक्का, तू कापड बघ."

मला कापड बघ म्हणतो! उद्या टेप छापायला जाणार. आयुष्यात एक कॅसेट, आणि त्यात माझे तांदूळ. तोंड उघडवेना.

४ नोव्हेंबर

उघडलं. अजित टेप घेऊन दारापर्यंत गेला होता. म्हटलं, "थांब रे! किसना, ती खुळखुळ माझी. पूजेच्या अक्षता आत गेल्या. काढून टाक."

कृष्णाजी हसत सुटला. पेपर पसरला, गिटार उलटी करून हलवली. मूठभर तांदूळ! पिवळे, करडे, काळे पडलेले.

"यंदाचे चार असतील, अक्का. बाकी ही गिटार घेतल्यापासूनच्या एकतीस दसऱ्यांचे. कधी काढलेच नाहीत. दुसऱ्याची गिटार घेतली की रिकामी वाटते मला."

पेपरची पन्हळ करून सगळे परत ओतायला लागला. थांब म्हटलं. डब्यातून आणखी चिमूटभर आणले, टाकले.

"आता वाजव," म्हटलं. "इथंच."

मशीन बंद केलं.