आमचा ओटा : दोन फूट एक इंच

भवानी पेठ, सोलापूर
मंगळवार, ता. ६ फेब्रुवारी १९३४

तीर्थस्वरूप मामांच्या चरणी एकनाथचा साष्टांग नमस्कार.

येथे सर्व मंडळी खुशाल आहेत. (तात्यांच्या खुशालीची मुदत रविवारपर्यंत आहे, खुलासा पुढे येईल.) जेऊरकडील खुशाली कळवावी. मामींचा गुडघा शेकाने उतरला किंवा कसे, आणि ज्या शेळीने आईचे लुगडे खाल्ले ती अद्याप आपल्याच पदरी आहे काय, हे आईने मुद्दाम विचारण्यास सांगितले आहे.

मागील पत्री आपण पुसले होते की, वर्षभर हायस्कुलात पुस्तके मिटून उन्हातान्हात हिंडण्याने मी नेमके काय शिकलो. प्रश्न रास्त आहे. आमचे भूगोलाचे मास्तर पुण्याहून बी. टी. होऊन आल्यापासून पुस्तकातील नद्यांवर त्यांचा विश्वास उरलेला नाही. मुलाने स्वतःच्या हाताने जे केले तेवढेच त्याला आले, असे त्यांचे मत असून अशा कामास ते ‘प्रॉजेक्ट’ म्हणतात. पहिल्या सहामाहीत आम्ही पर्जन्यमापक तयार केला. (नंतर पाऊसच न पडल्यामुळे तो बरोबर होता की चूक, हे ठरू शकले नाही.) त्यातून मी धीर धरण्यास शिकलो. दिवाळीनंतर साबण केला. त्यातून, आपल्या हातच्या वस्तूची लोकांपाशी तारीफ करावयाची असल्यास ती स्वतः वापरू नये, हे शिकलो. तिसरे काम आपापल्या गल्लीचा नकाशा काढण्याचे. त्यातून काय शिकलो हे सांगण्यासाठी प्रथम तात्यांविषयी लिहिणे भाग आहे.

तात्या गिरणीच्या कचेरीतून परतले की आमच्या ओट्यावर बसतात आणि सारी गल्ली त्यांच्याभोवती जमते, हे आपण पाहिलेच आहे. तेथे ते सर्वांस कायदा समजावून सांगतात. दसऱ्यापासून या व्याख्यानाचा विषय एकच आहे : समोरच्या रुद्रप्पांच्या घराची पायरी. ती सरकारी रस्त्यावर आली आहे, असा तात्यांनी म्युनिसिपालिटीकडे रीतसर अर्ज केला आहे. (रुद्रप्पाही रोज ओट्यावर येऊन बसतात आणि स्वतःविरुद्धचे व्याख्यान मान डोलावीत ऐकतात.) या कामात माझा जोडीदार कोण, तर रुद्रप्पांचा पुतण्या कल्लप्पा. फितीचे एक टोक माझ्या हाती, दुसरे त्याच्या.

आम्ही मोजणीस निघालो तेव्हा रुद्रप्पांच्या आई गौरम्मा दारात आडव्या उभ्या राहिल्या. “मोजू नगं रं बाळा. मोजलं की आटतंय. मेंढरं तरी कोण मोजतंय का?” आम्ही त्यांना शास्त्र समजावले आणि मोजले. आटले ते मात्र आमचे. सर्व्हेच्या दगडापासून धरता रुद्रप्पांची पायरी त्यांच्या हद्दीच्या चार इंच आत निघाली आणि आमचा ओटा दोन फूट एक इंच रस्त्यात निघाला. तीनदा मोजले. तिसऱ्या खेपेस कल्लप्पाने मैत्रीखातर फीत सैल सोडली. ती मी ताणून घेतली. मग तो म्हणाला, “रबर हाय की माज्याकडं. दोन फुटाचं काय घिऊन बसलायस? गल्ली लई मोठी हाय.” त्याने हे आपल्या घरी अक्षरानेही सांगितलेले नाही. परंतु मला आकडा पुसवेना. (हा दोष मातुल घराण्याचा नव्हे, असे आईचे म्हणणे आहे.)

रविवारी शाळेत प्रदर्शन आहे. एका इंचास आठ फूट या प्रमाणावर काढलेला नकाशा तेथे भिंतीवर लागेल. चिरंजीवांच्या हातून शास्त्रीय पुरावा तयार होत आहे, या समजुतीने तात्यांनी म्युनिसिपालिटीच्या ओव्हरसियरांना स्वतः जाऊन आमंत्रण दिले असून रुद्रप्पांनाही “या, पाहा एकदा डोळ्यांनी” असे सांगितले आहे. पायरीचे काय निघाले, असे ते रोज जेवताना विचारतात. शाई वाळते आहे, असे मी सांगतो. शाईला आज सहा दिवस झाले. तेव्हा गप्प राहणे हेही मी शिकलो, परंतु ते मास्तरांच्या यादीत नाही.

एकूण शिक्षण वाया गेले नाही, हे आपल्या ध्यानी येईलच. मामींस नमस्कार, दुर्गीस आशीर्वाद. लोभ आहेच, तो रविवारनंतरही असू द्यावा.

आपला आज्ञांकित भाचा,
एकनाथ

ता. क. – आईची व माझी विनंती अशी की, शनिवारच्या गाडीने येऊन आपण तात्यांना दोन दिवस जेऊरास घेऊन जावे. सर्व गल्लीसमोर त्यांची मान खाली गेलेली आम्हांस पाहवणार नाही. निमित्त म्हणून आपले आजारपण कळवावे, असे आई म्हणते. आजार आपला आपण निवडावा.

ता. क. दुसरा, बुधवार – तिकिटाअभावी पत्र राहिले आणि नकाशा तात्यांच्या हाती लागला. त्यांनी टोपी घातली, फितीचे एक टोक मला दिले आणि भर गल्लीत, सर्वांदेखत, ओटा मोजला. मग आत येऊन सांगितले की नकाशा चुकीचा आहे : दोन फूट दोन इंच पाहिजे. या प्रमाणावर एक इंच म्हणजे शाईच्या रेघेची जाडीही नव्हे, असे मी म्हणालो. आकडा जाडी पाहून लिहितात काय, असे त्यांनी विचारले. मी दुरुस्ती केली. रात्रीच्या जेवणापूर्वी त्यांनी पायरीविरुद्धचा अर्ज मागे घेणारा अर्ज लिहिला आणि त्याच्याच दुसऱ्या कलमात स्वतःच्या ओट्याविरुद्ध तक्रार नोंदवली.

ता. क. तिसरा, गुरुवार – सकाळी रुद्रप्पा आले. “सायेब, ओटा पाडला तर आमी सांजचं बसायचं कुटं? आन् कायदा कुनाच्या तोंडून ऐकायचा?” ओटा राहू द्यावा, अशा अर्जावर त्यांनी सतरा घरांच्या सह्या आणल्या होत्या. तात्यांनी तो वाचून परत केला. ओट्यावर बसणारांनीच ओट्याबद्दल अर्ज करणे नियमास धरून नाही, म्हणाले. गवंड्यास सोमवारी बोलावले आहे. आज संध्याकाळी ते स्वतः होऊन रुद्रप्पांच्या पायरीवर जाऊन बसले. गौरम्मांनी त्यांना ताक दिले. पायरीवर तिघांहून अधिक मावत नाहीत, बाकी गल्ली उभी होती. तेव्हा शनिवारी आपण यावेच, पण तात्यांना नेण्यासाठी नव्हे. रुद्रप्पांच्या अंगणात अंथरण्यास एक लांबशी घोंगडी आणावी. किती लांब, ते तात्या या घटकेस मोजीत आहेत. आकडा लिफाफ्याच्या पाठीवर लिहितो.