एकट्या झाडाचं कुंपण

ती. आईस साष्टांग नमस्कार,

मी बरा आहे. शुक्रवारी खोलीतल्या विल्सनने गाडीतून फिरवलं. इथल्या तुबलीच्या खाडीत आपल्यासारखीच तिवरांची झाडं आहेत, त्यांत रोहित पक्षी उभे होते. पुढे सखीरच्या वाळवंटात एकच जुनं झाड, त्यालाही कुंपण घातलेलं! मी तिथेच आपल्या तिवरांवरून तावातावाने बोलू लागलो.

विल्सन म्हणाला, "खलास, पुरे! भाषण गावाला. इथे व्हिसा सांभाळ."

गप्प बसलो. परक्या देशात तोंड सांभाळीन, हा तुला दिलेला शब्द पाळला.

पण जेटीसाठी आपली तिवरं तोडायचा ठराव सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत येणार आहे, आणि मी तिथे नसेन. त्यांच्याच मुळांतले खेकडे विकून तू मला शिकवलंस. तेवढंच उठून सांग. गुडघा दुखला तर बसून सांग, पण सांग.

तुझा,
परीक्षित