आधी सापडलेली टोपी

दि. ६ जानेवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून रागावू नकोस. भिंगरीच्या वर्गबाईंनी परवा मला शाळेत बोलावून घेतलं. पहिलीचं वर्ष सरत आलं तरी मुलीला चार ओळी वाचता येत नाहीत, म्हणाल्या. फेब्रुवारीअखेर मोठ्या बाई तिला समोर बसवून न पाहिलेलं पान वाचायला देणार. जमलं नाही तर पुन्हा पहिली. आणि पुढच्या वर्षी पहिलीत येणार कोण, तर आमचं शेंडेफळ! धाकट्या बहिणीच्या बाकावर बसावं लागणार हे भिंगरीने ऐकलंय आणि तेव्हापासून ती धड जेवत नाही.

डोळे चांगले आहेत. दिवसभर चष्म्याची भिंगं घासते मी, तेव्हा तपासायला आधी आमच्याच दुकानात नेलं होतं. डोकंही असं चालतं की घरातलं एक कुलूप सोडलेलं नाही, केसातली पिन घालून उघडते. फक्त शाळेचं पुस्तक काढलं की हिच्या पोटात दुखतं. तुझ्या बांधणीच्या कारखान्यात रोज ढिगाने पुस्तकं येतात. सोपी, पण तिला वाचावीशी वाटतील अशी चार तरी पाठव.

माया आहेच, ती या खेपेला पुस्तकांच्या रूपाने यावी.

तुझी,
बबी

दि. १३ जानेवारी

चि. बबीस, अनेक आशीर्वाद.

लहानपणी तू पुस्तक उलटं धरून ऐटीत वाचायचीस, हे लेकीला सांगितलंस का? सांग. तेवढंच तिला बरं वाटेल.

सोबत पाच पुस्तकं आहेत. एकही जोडाक्षर नाही, ठसठशीत अक्षरं, पानावर दोनच ओळी. आमच्याकडच्या बाद प्रती आहेत. कुठे पुठ्ठा वाकडा, कुठे शाई फिकी. विक्रीला जात नाहीत म्हणून मालकांनी नेऊ दिल्या. ‘उंटाची टोपी’ मला फार आवडलं. वारा उंटाची टोपी उडवतो आणि तो गावभर शोधत फिरतो. आधी तू वाचून दाखव, मग तिच्या हातात दे.

भाचीला पापा. तिच्यावर ओरडू नकोस, एवढं माझं ऐक.

तुझी,
ताई

दि. २५ जानेवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

वाचली गं पोर! पहिल्या दिवशी मी पाचही वाचून दाखवली. मग रोज संध्याकाळी ती पुस्तकं घेऊन दारात बसायला लागली. काल ‘उंटाची टोपी’ पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत घडाघडा वाचली, कुठे अडखळली नाही. एकेक पान उलटत, बोट फिरवत, वाऱ्याचा आवाज काढत. हे तर ऐकून उभेच राहिले. मी शेजारणीला बोलावून पुन्हा वाचायला लावलं.

तुझे हात सोन्याचे आहेत. असाच जीव लाव आमच्यावर.

तुझी,
बबी

दि. ३१ जानेवारी

चि. बबीस, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी आनंदाने डोळे भरले. मग जेवायला बसले आणि घास हातातच राहिला.

‘उंटाची टोपी’ची ती प्रत बाद का झाली, ते मला आठवलं. तिच्यातला एक कागद उलटा दुमडून शिवला गेलाय. त्यात उंटाला टोपी आधी सापडते आणि वारा ती नंतर उडवतो. तू वाचून दाखवताना मागेपुढे करून गोष्ट सरळ केली असशील, तुझ्या लक्षातही आलं नसेल. पण भिंगरी एकेक पान उलटत, न अडखळता, सरळ गोष्ट कशी वाचते?

चित्रं हाताने झाक आणि मधलाच एखादा शब्द विचार. माझी शंका खोटी ठरली तर मला हव्या तेवढ्या शिव्या घाल. खरी ठरली तर मात्र हात उगारू नकोस.

काळजीत असलेली,
तुझी ताई

दि. ५ फेब्रुवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

मधलाच शब्द विचारला. तिने गोष्ट पहिल्यापासून म्हणायला सुरुवात केली. दुसरा विचारला. तेव्हा हळूच म्हणाली की हा गोष्टीतून आला की येतो, एकटा आला की येत नाही. पाचही पुस्तकं तोंडपाठ आहेत ताई, अक्षर एक ओळखत नाही धड! आणि मी तिला मारलं. तू बजावूनही मारलं. माझा हात अजून जळतोय.

आता ती पुस्तकाला शिवत नाही. पाचही तिने स्वतः नेऊन माळ्यावर टाकली. माझ्याशी कामापुरतं बोलते. महिना सरत चाललाय आणि माझी अक्कल संपली. काहीतरी सुचव गं.

तुझी,
बबी

दि. ९ फेब्रुवारी

चि. बबीस, अनेक आशीर्वाद.

झालं ते झालं. अक्षरं ती अगदीच ओळखत नाही असं नाही, ऐकून पाठ करणं सोपं पडतं म्हणून तिकडे पळते. तेव्हा आता तिला ऐकूच द्यायचं नाही. सोबतच्या कागदावर मी माझ्या हाताने लिहिलंय. असा एकेक कागद दर दोन दिवसांनी टाकेन. तू वाचून दाखवायचा नाहीस. मदत मागितली तर एखादं अक्षर सांग, शब्द सांगू नकोस.

कागदावर एवढंच आहे: “भिंगरी, कपाट जुने. कुलूप मोठे. चावी नाही. आत खरखर होते. मालक घाबरले. मी कपाटाला कान लावला. खरखर थांबली. मग आतून”

पुढचं पुढच्या कागदावर.

तुझी,
ताई

दि. २० फेब्रुवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

पहिला कागद तिने दोन दिवस नुसता टेबलावर पडू दिला. मग त्यात कुलूप आहे एवढं तिला कुठूनसं कळलं आणि ती त्याच्या मागेच लागली. एकेका शब्दाशी झगडते. काल चौथा कागद रागाने भिरकावला, पुन्हा जाऊन उचलून आणला. मी दातांखाली जीभ धरून बसते. शब्द ओठांवर आलेला असतो आणि गिळावा लागतो.

शेवटच्या भागाची पानं शिवून तू परस्पर मोठ्या बाईंना पाठवणार, हे कळल्यावर मी शाळेत जाऊन विचारून आले. बाई तयार झाल्या. मुलीने न पाहिलेलं कुठलंही चालेल, म्हणाल्या. पण तिथे ती घाबरली तर? कपाटात कोण आहे ते मला तरी सांग. नाही सांगणार ना? लहानपणापासून अशीच दुष्ट आहेस.

तरीही तुझीच,
बबी

दि. २८ फेब्रुवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

शाळेतून आल्या आल्या लिहायला बसलेय. मी आणि शेंडेफळ दाराबाहेर उभ्या होतो. आतून तिचा आवाज येत होता, एक शब्द, मग थांबणं, मग दुसरा शब्द. आणि मग आवाज बंदच झाला. मला वाटलं, संपलं. धाकटीचा हात मी इतका आवळला की ती रडायला लागली.

तेवढ्यात मोठ्या बाई खदखदून हसल्या. भिंगरीने त्यांना सांगितलं होतं की हे पान इथलं नाही. कपाट उघडलंसुद्धा, आणि पुढच्या पानावर मावशी अजून चावीच शोधतेय, तेव्हा मावशीने चुकीचं शिवलंय. मग तिने पुढचं पान आधी वाचलं, मागचं नंतर, आणि गोष्ट सरळ करून दिली. बाईंनी पुढे काही विचारलंच नाही. दुसरीत जाणार ती!

आता खरं सांग, हे चुकून केलंस की मुद्दाम? मुद्दाम असेल तर भेटल्यावर तुझी वेणी ओढीन. माझा जीव जायचा बाकी होता. चुकून असेल तर मालकांना सांगू नकोस.

कपाटात कोण होतं, असं मी घरी येताना भिंगरीला विचारलं. तिने ते कागद माझ्या हातात दिले आणि म्हणाली की तूच वाच. मागचा पत्रा गंजून पडलेलं भोक आणि आत मांजरीची पिलं, हे मी रस्त्यात उभी राहून वाचलं. ती माझा हात धरून वाट बघत होती. त्या चापटीनंतर आज पहिल्यांदा तिने माझा हात धरला.

तिचं पत्र सोबत आहे. एकही शब्द मी सांगितलेला नाही.

जन्मभराची तुझी,
बबी

मावशी,

तू पाने उलटी लावली. आई हसली. नंतर रडली.

मी घरी आले. माळा चढले. उंटाची टोपी वाचली. ती पण उलटी आहे. टोपी आधी सापडते, मग उडते. मला आधी ते दिसलेच नाही.

नीट शिवत जा.

एक पिलू माझे.

भिंगरी